पिशवीतली उरलेली हवा

पांढरकवडा,
नोव्हेंबर अखेर

प्रिय घनश्याम,

'प्रिय' लिहून मी थांबले होते. खोडणार होते. पण कॉन्व्हेंटमध्ये सिस्टरनी हातावर पट्टी मारून शिकवलं होतं, की माणसाला कडू ऐकवायचं असेल तर मायना आधी नीट लिहावा, म्हणजे पुढचं तो शेवटपर्यंत वाचतो. तेव्हा राहू दे. अश्वजित गेल्यावर तू मोबाईलवर पाठवलेला निरोप मला मिळाला होता. 'भावपूर्ण श्रद्धांजली', खाली जोडलेले हात, त्याखाली एक कमळ. तेच कमळ तू दिवाळीला पाठवतोस आणि तेच माझ्या वाढदिवसाला. मी उत्तर दिलं नाही. माझ्या भावाबरोबर एका सायकलवर डबलसीट मुकुटबनच्या शाळेत गेलेल्या माणसाला त्याच्या मरणावर स्वतःचे दोन शब्द सुचू नयेत, याला काय उत्तर द्यायचं असतं ते मला कोणी शिकवलं नाही.

माझी खुशाली विचारशील तर गुडघे गेलेत, कान शाबूत आहेत. वणीच्या टेलिफोन एक्सचेंजमध्ये उभं आयुष्य काढलं. कोण खोकून बोलतो, कोण खोटं बोलण्याआधी घसा साफ करतो, हे मला अजून नुसतं ऐकून कळतं. अश्वजितची नात प्रेरणा माझ्याजवळ राहते. गेल्या वर्षापर्यंत ही पोरगी पहाटे उठून हायवेच्या कडेनं धावायची. ट्रकवाले हॉर्न मारायचे, ही ढुंकून बघायची नाही. पोलीस भरतीत मैदानी चाचणी पास झाली, लेखी पास झाली. आता सकाळी उठते, बूट घालते, दारात बसते आणि थोड्या वेळानं बूट काढून ठेवते. का, ते तुला ठाऊक आहे. तरी मी पुढे लिहिणार आहे, कारण ठाऊक असणं आणि कबूल असणं यांत तू नेहमीच बरंच अंतर ठेवत आलास.

आज मला सगळं पहिल्यापासून लिहायचं आहे. अश्वजित भरती झाला तेव्हा त्याला बंदूक हवी होती, हे तुला आठवत असेल. तुम्ही दोघं बांधावर काठ्या खांद्याला लावून कवायत करायचात. पलटणीत सुभेदारानं त्याची छाती बघितली, श्वास किती वेळ धरतो ते बघितलं आणि त्याला पाइप बँडात टाकलं, बॅगपाइप फुंकायला. त्याचं पहिलं पत्र आलं, 'ताई, मले बाजेवाला केलं.' बाबा राजूरच्या कोळसा खाणीत हजेरी लिहायचे. त्यांनी ते पत्र वाचलं आणि घडी करून परत पाकिटात घातलं. आमच्या आज्यानं दीक्षा घेतली त्या दिवशी गावचा डफ खाली ठेवला होता. लग्न तुमचं, वाजवणार आम्ही, आणि जेवायला सगळ्यांत शेवटी, कोंडवाड्यापाशी. ते सोडलं म्हणून आम्ही माणसांत आलो, असं बाबा म्हणायचे. आणि आता नातवाच्या गळ्यात सरकारनंच वाजंत्र घातलं. सुट्टीवर आला तेव्हा बाबांनी त्याला उंबऱ्यातच विचारलं, "हेच करायले गेलता का तू?" अश्वजित हसला. म्हणाला, "बाबा, तिथं वाजवणारा मागं नाही राहत. तो पुढं चालते. मागून सारी पलटण येते."

मग त्यानं ती गोष्ट सांगितली. मला वाटतं तूही तिथं होतास, ओसरीच्या कडेला, उकिडवा. मेसमध्ये मोठी मेजवानी असली की पाइपर एकटाच आत जातो, सगळ्या अफसरांच्या मागून टेबलाभोवती वाजवत फिरतो. वाजवून झालं की कमांडिंग साहेब स्वतः उठतो आणि आपल्या हातानं त्याला पेला देतो. पाइपरनं तो एका दमात प्यायचा आणि उलटा करून दाखवायचा, की बघा, काही उरलं नाही. बाबांनी हे तीनदा सांगायला लावलं. साहेब स्वतः उठतो का? हो. हातात देतो का? हो. कोणत्या जातीचा साहेब? अश्वजित म्हणाला, "ते मी विचारलं नाही बाबा, अन् त्यानंही नाही विचारलं." त्यानंतर बाबांनी कधी तक्रार केली नाही.

तेव्हापासून पलटणीची ती वस्तू सरावासाठी दर सुट्टीत आमच्या घरात यायला लागली आणि गावानं तिचं नाव बकरी ठेवलं. काखेत धरलेली चामड्याची पिशवी, खांद्यावर वर आलेले तीन भोंगे आणि खाली लोंबणारी बोटांची नळी, लांबून पाहिलं तर खरंच कोणी करडू बगलेत मारून चाललंय असं वाटायचं. आवाजही तसाच. पहिल्यांदा त्यानं नाल्यापाशी वाजवलं तेव्हा तुमच्या गोठ्यातली म्हैस दावं तोडून पळाली आणि तू ओरडत आलास, "काहून बे अश्वजित, बकरी कापून राह्यला का?" पोडावरच्या, त्यांच्या रानाकडेच्या वस्तीतल्या, कोलाम बायका सरपणाच्या मोळ्या खाली ठेवून ऐकत उभ्या राहायच्या. आई सुरुवातीला कानावर हात ठेवायची, नंतर भाकरी थापता थापता तिचं बोट परातीच्या काठावर ताल धरायला लागलं. मला विचारशील तर सिस्टरांच्या प्रार्थनेतल्या पेटीपेक्षा मला ती बकरी आवडायची. पेटी देवाची विनवणी करते. बकरी कोणाची विनवणी करत नाही. तिला हळू वाजवताच येत नाही.

तो निवृत्त होऊन परत आला तेव्हा मेरठहून स्वतःच्या पैशानं जुना पाइप घेऊन आला. दर काही महिन्यांनी पिशवीत गूळ आणि मध कोमट करून ओतायचा, आतून फिरवायचा, उलटी टांगून ठेवायचा. चामडं प्यायलं की हवा धरतं, म्हणायचा. बस्तीतली पोरं गोळा केली. मोठा ढोल बळीरामाच्या गळ्यात, साइड ड्रम प्रेरणाच्या, बाकी ताशे. पाइप मात्र एकच, त्याचा. कोणाच्या घरी पोरगा नोकरीला लागला, कोणाचं नवं घर झालं, कोणी म्हातारा गेला की अश्वजितला बोलावणं यायचं. मुकुटबनचा एक जवान तिरंग्यात घरी आला, तेव्हा पार्थिवापुढे तो असा वाजवत चालला, की त्या पोराची आई रडायची थांबली आणि ताठ चालू लागली. मी तिच्या मागे होते. माणसाला सरळ उभं करायची ताकद असलेली वस्तू मी आयुष्यात फार बघितली नाही.

तुझ्या बंटीच्या लग्नात तूच त्याला बोलावलंस. मी हे विसरलेली नाही आणि तुलाही विसरू देणार नाही. वरात मारुतीच्या मंदिरापुढे थांबली. नवरदेव पाया पडायला आत गेला, आणि अश्वजित बाहेर पायऱ्यांसमोर उभा राहून वाजवत होता. चांगला बराच वेळ. पुजारी उपरणं कमरेला बांधून नाचला. तुझा मेहुणा त्याच्यावरून नोटा ओवाळत होता. फकिरा, हो, पुढे आमच्यावर बोंबललेला तोच फकिरा, तोंडात बोटं घालून शिट्ट्या मारत होता. त्या दिवशी कोणाच्या देवाचे कान दुखले नाहीत. वाजवणारा तोच, बकरी तीच, पायऱ्या त्याच. फक्त मिरवणूक तुमची होती.

आमच्या मिरवणुकीला नियम वेगळा. चौदा एप्रिलला मिरवणूक बस्तीतून निघते, पण मंदिराची चिंच आली की वाजंत्री बंद, आणि बोरिंगच्या पलीकडे गेलं की पुन्हा सुरू. चिंच ते बोरिंग मुकं चालायचं. कोणी लिहिलेलं नव्हतं. आमचे बाप तसेच चालले, मग शांतता समितीनं तेच कागदावर आणलं, आणि त्या समितीचा अध्यक्ष तू. तुझा चेहरा त्या बैठकीत किती समजूतदार होता. "उर्वशी, दोन मिनटाचा तर सवाल आहे. कायले वाढवता?" मी तुला विचारलं होतं, दोन मिनिटांचाच आहे तर तुम्ही का नाही सोडत? तू चष्मा पुसलास.

मी भांडायला तयार होते. अश्वजितनं मला थांबवलं. तो म्हणाला, "ताई, बंदच कराचं आहे ना, तर असं बंद करू की पाहणाऱ्याची नजर खाली जाईन." आणि त्यानं त्या अपमानाची कवायत केली. पलटणीत बँड थांबतो तो विझत विझत थांबत नाही. ढोलाचे दोन ठोके पडतात आणि सगळे एकाच पावलावर गप्प. नवशिका पाइपर थांबला की त्याची बकरी मरताना कण्हते, कारण तो दम संपवून थांबतो. कसलेला पाइपर भरल्या पिशवीनं थांबतो. ओठ फुंकायच्या नळीवरून काढायचे, बगल एका झटक्यात सैल करायची, आवाज सुरीनं कापल्यासारखा बंद. हवा आतच राहते. अश्वजित शाळेच्या मैदानावर पोरांना दिवसचे दिवस हेच शिकवायचा. चिंच आली, बळीरामाचे दोन ठोके, आणि मग फक्त पायांचा आवाज. बूट, चपला, अनवाणी पाय, सगळे एका तालात. पुढे अश्वजित, काखेत भरलेली पिशवी, मान सरळ, मंदिराकडे न बघता. तुमच्या घरच्या बायका गच्चीवरून ते मुकं चालणं बघायला यायच्या. तूही यायचास. पायरीवर उभा राहून, हातात हार घेऊन, फोटोसाठी. तुझ्या हारापेक्षा लोक आमच्या गप्प राहण्याकडे बघायचे, आणि मला वाटतं हेच काही जणांना बोचायला लागलं होतं.

आता मी त्या दिवसाचं लिहिते. तू तिथं होतास, पण तू पोलिसांना जे सांगितलंस त्यावरून मला शंका येते, की तुला मी पुन्हा दाखवायला हवं. ऊन असं होतं की डांबर बुटांना चिकटत होतं. अश्वजितनं लोकरीचा तो पट्टेरी शेला खांद्यावर घेतला होता, कोट गळ्यापर्यंत. मी म्हटलं, यंदा नुसत्या सदऱ्यावर चल. "ताई, मी आरामात चाललो तर पोरं ढिले पडतीन." चिंच आली. दोन ठोके. आवाज कापला गेला, नेहमीसारखाच स्वच्छ. पाच-सहा पावलं तो नेहमीसारखा चालला. मग त्याचा डावा पाय वाकडा पडला. मी मागून बघत होते, मला वाटलं बूट चिकटला. तो मंदिराच्या पायऱ्यांसमोर गुडघ्यावर आला, आणि मग डाव्या अंगावर, त्या पिशवीवर, आख्खा कोसळला.

आणि बकरी ओरडली. तिन्ही भोंगे एकदम, आणि बोटं सुटलेली नळी वरच्या सुरात किंचाळत. इतक्या वर्षांत त्या जागेवर कधी न ऐकलेला आवाज, आणि त्या शांततेत तर किती मोठा. मग तो खाली खाली घसरत कण्हण्यात गेला. फकिरा मंदिराच्या ओट्यावरून बोंबलला, "बकरी बोलली बे, मुद्दाम बोलली, देवासमोर बसून वाजवून राह्यला." पहिला दगड कोणी मारला मला दिसलं नाही. दुसरा कोणी मारला ते दिसलं, पण तो तुझ्या पुतण्याच्या वयाचा पोरगा आहे आणि मी आज त्याच्यासाठी लिहीत नाही.

यापुढचं मी अजून कोणाला नीट सांगितलेलं नाही. प्रेरणानं ड्रम टाकला आणि आजोबाला उलथवायला धावली. तिनं त्याच्या खांद्याखाली हात घातला, आणि त्याच्या वजनाखालची पिशवी दबली, आणि ती पुन्हा कण्हली. दगड आला. तिनं सोडलं. पुन्हा हात घातला, पुन्हा आवाज, पुन्हा दगड, आणि ओट्यावरून हसणं, "अजून वाजवते, अजून वाजवते." घनश्याम, त्या पोरीनं आपल्या आजोबाला हात लावायचं थांबवलं. ती त्याच्याजवळ दोन्ही हात छातीशी घेऊन बसली, आणि मी माझ्या या गुडघ्यांनी तिच्यापर्यंत पोचू शकत नव्हते. शेवटी बळीरामानं कोणाच्या तरी हातातला विळा घेतला, अश्वजितच्या अंगाखाली घातला आणि पिशवी फाडली. फस्स झालं. मग कोठे त्याला उचलता आलं. त्याला ज्या ट्रॅक्टरवर घातलं त्याला वाट द्यायला लोक हटले नाहीत. मुकुटबनच्या दवाखान्यात पोचेपर्यंत तो गेला होता. डॉक्टर म्हणाले उष्माघात, की हृदय, की दोन्ही. वेळेवर आणलं असतं तर, असं म्हणून त्यांनी वाक्य सोडून दिलं.

तू सगळ्यांत जवळ होतास. तीन पायऱ्या. तुझ्या हातातला हार मला अजून दिसतो, तू तो दोन्ही हातांनी धरून ठेवला होतास, जणू कोणी हिसकावेल. तू खाली उतरला नाहीस. त्याची फुंकायची नळी तोंडात नव्हतीच, ती धुळीत पडली होती, तुझ्या बाजूला तोंड करून. ती तुला दिसली नाही असं तू मला सांगू नकोस. मोतीबिंदूचं ऑपरेशन तू फेब्रुवारीतच करून आला होतास.

त्यानंतर गुन्हा दाखल झाला तो आमच्यावर. परवानगीची अट मोडली, भावना दुखावल्या, दंगल घडवली. बळीरामावर, प्रेरणावर, ताशेवाल्या पोरांवर. दगड मारणारे 'अनोळखी इसम'. ज्या गावात कोणाच्या घरी आज वांगी शिजली हे सगळ्यांना ठाऊक असतं, तिथं दगड मारणारेच तेवढे अनोळखी. पिशवी फाडली, तर म्हणे पुरावा नष्ट केला. प्रेरणाच्या चारित्र्य पडताळणीत ती केस आली आणि तिचं नाव भरतीच्या यादीतून थांबलं. आणि साक्षीदारांत तुझा जबाब. मी तो वाचला. 'मयत अश्वजित याने मंदिरासमोर बॅगपाइप हे वाद्य वाजल्याचा आवाज मी स्वतः ऐकला.' वाक्य व्याकरणात धड नाही, पण खोटंही नाही. तू खोटं बोलतच नाहीस. तू फक्त खरं अर्ध्यावर थांबवतोस, आणि तेही तुला स्वच्छ कापता येतं.

आमचे वकील म्हणतात, फाटलेल्या पिशवीवरून काही दाखवता येत नाही. दुसरा पाइप आणून आमच्यातल्या कोणी दाबून दाखवला, तर ती आमचीच माणसं. पलटणीतला कोणी बोलावला, तर तो अश्वजितचा दोस्त. वकील विचारत होते, तिकडच्या बाजूचा कोणी आहे का, ज्याला हे वाद्य माहीत आहे? मी म्हटलं, नाही. मग घरी आले, आणि मला आमचं अंगण आठवलं.

त्याची ती पहिली सुट्टी. तू संध्याकाळी आलास आणि हट्ट धरलास, "मले वाजवू दे ना बे." अश्वजितनं नळी तुझ्यापुढे केली. तू ती बघितलीस. त्याला वाटलं थुंकी आहे म्हणून, त्यानं सदऱ्याच्या टोकानं पुसली. "घे, पुसली." तू नळी हातात घेतलीस, तोंडापाशी नेलीस, आणि मग हसून म्हणालास, "नाही बे, माह्या छातीत दम नाही. तू फुंक, मी दाबतो." तुझ्या छातीत दम नाही, असं म्हणणारा तू, विहिरीत बुडी मारून तळातली माती वर आणणारा. मग पिशवी तुझ्या काखेत, आणि माझा भाऊ तुझ्यापुढे वाकून ती फुंकतोय. भरली की तो बाजूला व्हायचा, तू दाबायचास, आणि बकरी आपली ओरडायची, कोणी तोंड न लावता. संपत आली की कण्हायची, आणि तू ओरडायचास, "मेली बे बकरी." सगळं अंगण हसायचं. दर सुट्टीत तुमचा हाच खेळ. अश्वजितला तो खेळ फार आवडायचा. त्याला कधी कळलं की नाही, मी विचारलं नाही. मी पाणी घेऊन दारात उभी होते आणि मला त्याच दिवशी कळलं.

काही वर्षांनी तू वणीला एक्सचेंजच्या बाहेर माझी वाट बघत उभा होतास, नवा सदरा घालून. "उर्वशी, मी घरच्यांना मनवतो. तू फक्त हो म्हण." मी तुला नोकरीचं कारण दिलं. तू ते मानलंस, मला वाटतं थोडं हायसंही वाटलं तुला. नोकरीचं ते कारण नव्हतं. मला तू आवडायचास, आता या वयात ते लिहायला लाज कसली. पण ज्या नळीला माझ्या भावाचं तोंड लागलं होतं तिला तुझे ओठ लागले नाहीत, आणि माझं तोंड त्याच घरचं होतं. हे तुला सांगायची गरज मला कधी वाटली नाही. मी मरेपर्यंत सांगितलं नसतं.

ते आज सांगते आहे, कारण येत्या सोमवारी तारीख आहे आणि वकील तुला उलट प्रश्न विचारणार आहेत. बॅगपाइप तोंड न लावता वाजू शकतो का, असा पहिला प्रश्न असेल. त्याला तू हो म्हणावंस म्हणून हे पत्र आहे. पण पहिल्या प्रश्नावर ते थांबणार नाहीत. सरकारी वकील उठून विचारेल, तुम्हाला हे कसं ठाऊक? तेव्हा तुला अंगण सांगावं लागेल. पिशवी तुझ्या काखेत, नळी अश्वजितच्या तोंडात. आणि तो विचारेल, तुम्ही स्वतः का नाही फुंकली? तिथं तुझा दम कमी होता असं सांगू नकोस. खरं कारण सांग, भरल्या कोर्टात, तुझ्या समितीच्या माणसांसमोर, तुझ्या बंटीसमोर. तुझी सगळी इज्जत त्या एका उत्तरात जाईल हे मला कळतं, आणि तरी मागते आहे, कारण या तालुक्यात तुमच्या बाजूनं हे सांगू शकेल असा माणूस तू एकटाच आहेस, आणि तू एकटाच आहेस कारण तू तोंड लावलं नाहीस. प्रेरणाला मी यातलं काही सांगितलेलं नाही. ती आत्ता दारात बसली आहे, बूट घातलेत, नाड्या बांधलेल्या नाहीत. सोमवारी मी तिला घेऊन पहिल्या बाकावर बसणार आहे. तू बोलायला लागलास की मी मान वर करून बघणार नाही, नुसती ऐकेन. खोटं बोलण्याआधी तू घसा साफ करतोस.

तुझी होता होता राहिलेली,
उर्वशी